लिहून देणार, लिहून घेणार
करारकायद्याचा पाया आणि घटनेतले हक्क

मराठी दस्तात दोन पक्षांना दोन नावे असतात. एक ‘लिहून देणार’, दुसरा ‘लिहून घेणार’. गहाणखत असो, साठेखत असो की भाडेकरार, पहिल्या पानावर ही जोडी भेटतेच. शेवटच्या पानावर आणखी एक ठरलेले वाक्य असते : हा दस्त आम्ही राजीखुशीने, अक्कलहुशारीने, कोणाच्याही दडपणाखाली न येता लिहून दिला आहे. गेली काही वर्षे मी जुनी कर्जखते आणि त्यांवरचे निकाल वाचतो आहे. वाचताना लक्षात येते ते असे, की पहिले पान खरे बोलते आणि शेवटचे पान कायद्याला हवे ते बोलते. देणारा आणि घेणारा एका पातळीवर उभे नाहीत हे पहिल्या पानाला ठाऊक असते. शेवटचे पान मात्र ते एका पातळीवर आहेत असे लिहून ठेवते, आणि कोर्टात बहुधा शेवटचे पान वाचले जाते.

आपल्या करारकायद्याचा पाया या शेवटच्या पानावर उभा आहे. १९५० साली राज्यघटना आली तेव्हा त्या पायाचे काय झाले, हा या लेखाचा विषय. तो केवळ वकिलांचा विषय नाही. घर भाड्याने घेताना, नोकरी धरताना, कर्ज काढताना, फोनवर ‘मला मान्य आहे’ या चौकोनावर बोट टेकवताना आपण सगळेच लिहून देणारे असतो.

दहा रुपयांचा घोडा

भारतीय करार अधिनियम १८७२ सालचा. त्याचा मूळ मसुदा लंडनमध्ये बसलेल्या कायदा आयोगाने केला. कलकत्त्याच्या विधान परिषदेत तो जेम्स फिट्झजेम्स स्टीफन या कायदा सदस्याच्या कारकिर्दीत मंजूर झाला आणि १ सप्टेंबर १८७२ पासून अंमलात आला. कलमांखाली छोटी उदाहरणे देण्याची त्याची पद्धत आहे आणि ही उदाहरणे कथेसारखी वाचण्याजोगी आहेत. कलम २५ खालचे एक पाहा. ‘अ’ हा हजार रुपये किमतीचा घोडा दहा रुपयांना विकायचे कबूल करतो. त्याची संमती मोकळेपणाने दिलेली आहे. करार वैध. पुढचेच उदाहरण तोच घोडा पुन्हा उभा करते, पण आता ‘अ’ म्हणतो की माझी संमती मोकळी नव्हती. अशा वेळी किंमत इतकी कमी का, याचा विचार कोर्टाने करावा, असे कायदा सांगतो.

या दोन उदाहरणांत सगळे तत्त्वज्ञान आले. मोबदला न्याय्य आहे का, हे कायदा विचारत नाही. तो संमती विचारतो. मोबदल्याची विषमता हा संमतीबद्दलचा एक पुरावा, एवढेच तिचे स्थान. माणूस हजाराचा घोडा दहाला का विकतो, घरी काय अडचण आहे, गावात दुसरे गिऱ्हाईक आहे का, हे प्रश्न उंबऱ्याबाहेर राहतात.

कलम १६ ‘गैरवाजवी दबावा’चे. त्याचे आजचे रूप १८९९ च्या दुरुस्तीने आले. त्याखालची दोन उदाहरणे शेजारीशेजारी आहेत. एकात गावच्या सावकाराचा आधीच देणेकरी असलेला माणूस त्याच सावकाराकडून जाचक अटींवर नवे कर्ज घेतो. इथे दबाव नव्हता हे सिद्ध करण्याची जबाबदारी सावकारावर. दुसऱ्यात बाजारात पैशाची चणचण असताना एकजण बँकरकडे जातो आणि बँकर नेहमीपेक्षा फार चढ्या व्याजाखेरीज कर्ज द्यायला नकार देतो. कर्जदार ते घेतो. इथे दबाव नाही, हा रोजचा व्यवहार आहे, असे कायदा म्हणतो.

गरज दोघांची आहे. फरक एवढाच, की पहिल्याची गरज एका माणसाच्या मुठीत आहे आणि दुसऱ्याची बाजाराच्या. माणसाचा दबाव कायद्याला दिसतो, परिस्थितीचा दिसत नाही. पुढच्या सव्वाशे वर्षांतला वाद या दोन उदाहरणांमधल्या जागेत घडला आहे.

कायदा १८७२ चा, होळी १८७५ ची

करार अधिनियम लागू होऊन तीन वर्षे झाली नव्हती तोच १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरादुकानांवर चाल केली. दंगल पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरली. जमावाला मुख्यतः हवी होती ती कर्जखते आणि हुकूमनामे. ती हिसकावली आणि जाळली गेली. कागद मिळाला तिथे बहुधा मारहाणीची वेळ आली नाही.

या रागाला कायद्याने घडवलेली कारणे होती. १८५५ साली व्याजाच्या दरावरची कायदेशीर मर्यादा उठली होती. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने साध्या कर्जखतावर दावा करण्याची मुदत तीन वर्षे ठरवली. ऋणकोच्या संरक्षणासाठी असलेल्या या तरतुदीचा परिणाम उलटा झाला. सावकार दर दोन-तीन वर्षांनी व्याज मुद्दलात मिळवून नवे खत लिहून घेऊ लागला. प्रत्येक नवे खत कायद्याच्या दृष्टीने नवा, स्वतंत्र, राजीखुशीचा करार. कोर्टापुढे शेवटचा कागद येई आणि त्यावर हुकूमनामा होई.

सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ साली दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांसाठी. त्याचे कलम १२ आपल्या कायद्याच्या इतिहासात दुर्लक्षित राहिले आहे. शेतकऱ्याविरुद्धचा दावा आला की खताच्या मागे जा, व्यवहार पहिल्यापासून कसा वाढत गेला ते तपासा, अशी जबाबदारी त्याने कोर्टावर टाकली. हिशेब लावताना दामदुपटीची जुनी मर्यादाही मानायची होती. पैशाच्या हुकूमनाम्यासाठी शेतकऱ्याला कैदेत टाकणे बंद झाले. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी पुढे या कायद्याखाली विशेष न्यायाधीश म्हणून काम केले.

म्हणजे करारस्वातंत्र्याचा सिद्धांत महाराष्ट्राच्या मातीत आठ वर्षेसुद्धा बिनशर्त टिकला नाही. ज्या राजवटीने तो आणला तिलाच मान्य करावे लागले, की कागदावरची संमती आणि माणसाची संमती यांत अंतर असू शकते. मात्र ही कबुली चार जिल्ह्यांपुरती आणि एका वर्गापुरती होती. मूळ अधिनियम तसाच राहिला. सावकारांनीही वाट काढली. गहाणखताऐवजी खरेदीखत लिहून घ्यायचे आणि परत देण्याचा शब्द तोंडी ठेवायचा. त्याविरुद्ध मग पुन्हा दुरुस्त्या आल्या. एक दार बंद केले की दुसरे उघडते, हा धडा पुढे उपयोगी पडणार आहे.

कराराचा भंग आणि गुलामी

हेन्री मेन यांनी १८६१ साली ‘एन्शंट लॉ’ या ग्रंथात एक सूत्र मांडले : प्रगत समाजांची वाटचाल जन्मजात दर्जाकडून कराराकडे झाली. मेन लगेचच भारतात व्हाइसरॉयच्या परिषदेत कायदा सदस्य म्हणून आले. त्यांचे सूत्र आपल्याकडे विद्यापीठांतून पाठ केले गेले. पण दर्जा गेला आणि त्याच्या जागी करार आला, असे इथे घडले का?

मजुरांचा करारभंग कायदा याच काळातला, १८५९ चा. आगाऊ पैसे घेऊन काम न करणाऱ्या कारागिराला वा मजुराला त्याने फौजदारी शिक्षेची तरतूद केली. मालकाने करार मोडला तर दिवाणी दावा, मजुराने मोडला तर तुरुंग. कागद एक आणि त्यातून निघणारे परिणाम दोन. हा कायदा १९२५ साली रद्द करण्यात आला. जन्माने ठरलेला दर्जा इथे कराराच्या पोटात जाऊन बसला होता, असेच म्हणावे लागते.

ही गोष्ट सर्वांत स्पष्ट मांडली ती डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. १९३७ मध्ये मुंबई विधिमंडळात खोती रद्द करण्याचे विधेयक त्यांनी आणले होते. १९३८ मध्ये औद्योगिक तंट्यांच्या विधेयकावर बोलताना त्यांनी विचारले, की संप म्हणजे काय? संप म्हणजे नोकरीच्या कराराचा भंग. करारभंग ही दिवाणी बाब आहे आणि तिला नुकसानभरपाई हा उपाय आहे. तिला गुन्हा ठरवणे म्हणजे माणसाला त्याच्या इच्छेविरुद्ध राबायला लावणे, आणि त्याचे नाव गुलामी. करारकायद्याच्या आतला युक्तिवाद घेऊन ते मूलभूत हक्काच्या सिद्धांतापर्यंत पोहोचले, तेही घटना लिहिली जाण्याच्या दहा वर्षे आधी.

१९४७ च्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ या निवेदनात हाच धागा पुढे जातो. राज्याने हात काढून घेतला की जे स्वातंत्र्य उरते ते कोणाचे, असा त्यांचा प्रश्न आहे. जमीनदाराचे खंड वाढवण्याचे, कारखानदाराचे तास वाढवण्याचे आणि मजुरी घटवण्याचे. बेकाराला नोकरीच्या बदल्यात हक्क सोडायला सांगितले तर तो सोडील, हे त्यांना दिसत होते. मेन यांच्या सूत्राला भारतीय भूमीवरून मिळालेले हे सर्वांत गंभीर उत्तर आहे, आणि करारकायद्याच्या पाठ्यपुस्तकांत ते आजही क्वचितच भेटते.

घटना कुठून आत येते

मूलभूत हक्क मुख्यतः राज्याविरुद्ध आहेत, असे आपण शिकतो. ते खरे आहे, पण पुरते नाही. अनुच्छेद १७ अस्पृश्यता नष्ट करतो, ती कोणी पाळावी असे विचारत नाही. अनुच्छेद १५(२) दुकाने, हॉटेले, विहिरी, तलाव यांबद्दल बोलतो. अनुच्छेद २३ वेठबिगारीला मनाई करतो, मालक सरकार असो वा ठेकेदार. १९८२ च्या एशियाड कामगारांच्या खटल्यात न्यायमूर्ती भगवती यांनी या ‘सक्ती’चा अर्थ सांगितला. किमान वेतनाहून कमी पैशात काम करायला जो तयार होतो तो भुकेच्या सक्तीने होतो, आणि ती सक्तीही अनुच्छेद २३ मध्ये येते. कलम १६ च्या उदाहरणात न दिसणारा परिस्थितीचा दबाव इथे एकशे दहा वर्षांनी कायद्याला दिसला.

हे थेट दार झाले. पण ते अरुंद आहे. बाकीच्या करारांसाठी घटनेला करार अधिनियमातूनच वाट काढावी लागते, आणि ती वाट कलम २३ मध्ये आहे. ज्या कराराचा उद्देश वा मोबदला कोर्टाच्या मते अनैतिक किंवा लोकधोरणाविरुद्ध आहे, तो रद्दबातल. लोकधोरण म्हणजे काय, ते कायदा सांगत नाही. १८२४ मध्ये एका इंग्रज न्यायाधीशाने त्याला बेफाम घोडा म्हटले आणि तेव्हापासून न्यायाधीश त्यावर बसायला घाबरतात. १९५९ च्या घेरुलाल पारख खटल्यात आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही जुन्या ठरलेल्या शीर्षकांबाहेर सहसा जाऊ नये, असा सावध सूर लावला.

तो सूर बदलला न्यायमूर्ती दिनशा मदन यांनी. १९७० च्या भिवंडी-जळगाव दंगलींच्या चौकशी आयोगामुळे महाराष्ट्राला ते परिचित आहेत. १९८६ चा सेंट्रल इनलँड वॉटर ट्रान्सपोर्ट खटला असा : जुनी जहाज कंपनी बंद झाली, तिचे कर्मचारी सरकारी महामंडळाने घेतले. महामंडळाचा नियम असा, की तीन महिन्यांची नोटीस किंवा तेवढा पगार देऊन कायम कर्मचाऱ्यालाही कारण न देता काढता येईल. नियम मान्य करूनच नोकरी घेतली होती, हा महामंडळाचा बचाव. मदन यांनी विचारले, दुसरा पर्याय काय होता? बेकारी. ज्याला ठिपक्यांच्या रेषेवर सही करण्यावाचून गत्यंतर नाही, त्याच्यावर लादलेली अन्याय्य अट न्यायालय अंमलात आणणार नाही. आणि लोकधोरण कशातून ओळखायचे? घटनेची उद्देशिका, मूलभूत हक्क आणि मार्गदर्शक तत्त्वे यांतून. दोन्ही पक्ष व्यापारी असतील वा तुल्यबळ असतील तर हे तत्त्व लागू नाही, अशी मर्यादाही त्यांनी घातली.

या निकालातली सर्वांत दूरदृष्टीची जागा सहसा उद्धृत होत नाही. त्यांनी कलम १६ का घेतले नाही? कारण गैरवाजवी दबावाचा करार ‘रद्द करता येण्याजोगा’ असतो. एकेका कर्मचाऱ्याने कोर्टात येऊन आपल्यावरचा दबाव सिद्ध करायचा. छापील करार हजारोंवर लादला जातो, आणि त्यांतले बहुतेक कोर्टापर्यंत पोहोचू शकत नाहीत. म्हणून अट मुळातच शून्य ठरली पाहिजे, म्हणजे कलम २३ हवे. सुपे गावच्या प्रश्नाला हे खरे उत्तर होते : कागद एकाचा तपासू नका, साचा तपासा.

निकालात एक उणीव मात्र राहिली. तो दोन पायांवर उभा होता : महामंडळ हे ‘राज्य’ आहे म्हणून अनुच्छेद १४, आणि अट लोकधोरणाविरुद्ध आहे म्हणून कलम २३. १९९० साली दिल्ली परिवहन महामंडळाच्या खटल्यात घटनापीठाने या दिशेला बळकटी दिली, पण ती नोकरीही सरकारी महामंडळाचीच. पहिला पाय इतका भक्कम होता, की दुसऱ्यावर पूर्ण भार टाकून पाहण्याची वेळ आली नाही. खाजगी करारांना ज्याची गरज होती तो दुसराच होता.

भिंत बांधणारा निकाल

ती वेळ २००५ साली आली आणि तो पाय डगमगला. अहमदाबादची एक पारशी सहकारी गृहनिर्माण संस्था, १९२६ मध्ये नोंदलेली. सभासदत्व पारशांपुरते, असा पोटनियम. एका सभासदाला जागा समाजाबाहेर विकायची होती. गुजरात उच्च न्यायालयाने संस्थेविरुद्ध निर्णय दिला, सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. पोटनियम हा सभासदांमधला करार आहे. संस्थेत येताना तुम्ही तो स्वीकारला. सहकार कायद्यात अशा अटीला मनाई नसेल तर घटनेतल्या समतेच्या कल्पनेवरून ती लोकधोरणाविरुद्ध ठरवता येणार नाही, असा निकालाचा गाभा.

संख्येने घटत चाललेल्या अल्पसंख्य समाजाने आपली वस्ती टिकवावी, यात समजण्यासारखे पुष्कळ आहे, आणि संघटन करण्याचा हक्क हाही मूलभूतच आहे. निकाल एवढ्यावर उभा असता तर वाद मर्यादित राहिला असता. पण त्याचा मुख्य आधार सार्वत्रिक आहे. मनाई कायद्यात लिहिलेली नसेल तर करार चालेल, हे तत्त्व छोट्या समाजाला ढाल देते तसे बहुसंख्य आणि बलदंड समाजालाही भिंत देते. जातीच्या, धर्माच्या, खाण्यापिण्याच्या नावावर घर नाकारले जाण्याचा अनुभव शहरांत कोणाला येतो, हे वाचकांना सांगायला नको. निकाल वाचताना सर्वांत खटकते ते हे, की १९८६ च्या निकालाने लोकधोरणाचा उगम घटनेत दाखवला होता आणि २००५ चा त्याला मूळ अधिनियमापुरते मागे नेतो. जणू घटना हे राज्याचे लोकधोरण आहे आणि लोकांचे नाही.

अमेरिकेत १९४८ साली शेली खटल्यात असाच प्रश्न होता. सेंट लुईसच्या घरमालकांनी आपसांत करार केला होता, की कृष्णवर्णीयांना घरे विकायची नाहीत. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाचे उत्तर असे, की करार खाजगी असेल, पण तो अंमलात आणायला तुम्ही कोर्टात येता तेव्हा कोर्टाचा हुकूम ही राज्याची कृती होते. ही वाट आपल्याकडे अवघड आहे, कारण १९६६ च्या मिरजकर खटल्यात नऊ न्यायाधीशांच्या पीठाने बहुमताने न्यायालयीन आदेश मूलभूत हक्कांच्या कसोटीबाहेर ठेवला. म्हणूनच कलम २३ चे दार उघडे राहणे आपल्याकडे अधिक गरजेचे आहे.

भीती आणि तिचे उत्तर

यावरचा गंभीर आक्षेप असा : न्यायाधीश प्रत्येक करार आपल्या न्यायबुद्धीने पुन्हा लिहू लागले तर शब्दाला किंमत काय राहील? कर्ज देणारा हात आखडेल आणि भुर्दंड गरिबालाच पडेल. दख्खन कायद्यानंतर सावकारांनी शोधलेली खरेदीखताची वाट पाहता हा आक्षेप पोकळ नाही.

पण बाहेरचा अनुभव तो पुष्कळ सौम्य करतो. जर्मनीत १९५८ च्या ल्यूट निकालापासून असे मानले जाते, की मूलभूत हक्कांचा प्रकाश खाजगी कायद्याच्या मोघम कलमांतून आत येतो. १९९३ मध्ये तिथल्या घटना न्यायालयापुढे एक तरुणी आली. वयाच्या एकविसाव्या वर्षी तिने वडिलांच्या धंद्यासाठी एक लाख मार्कांची जामीनकी लिहून दिली होती. तिची स्वतःची कमाई तुटपुंजी. ही काही मोठी जबाबदारी नाही, फायलीला कागद हवा आहे, असे बँकेच्या माणसाने तिला सांगितले होते. घटना न्यायालय म्हणाले, की सौदाशक्तीतली तफावत इतकी ढळढळीत आणि ओझे इतके अवाजवी असेल तेव्हा दिवाणी न्यायालयाने ‘करार तो करार’ म्हणून हात झटकू नयेत. जर्मन बँका त्यामुळे बुडाल्या नाहीत. दक्षिण आफ्रिकेत २००७ च्या बारखाईझन खटल्यात लोकधोरण घटनेत रुजलेले आहे, असे स्पष्ट सांगून न्यायालयाने विम्याची वादातली नव्वद दिवसांची अट मात्र कायम ठेवली. कसोटी घटनेची लावली म्हणजे करार कोसळतोच, असे नाही.

आपल्याकडेही २०२५ मध्ये विजया बँकेच्या खटल्यात हेच दिसले. तीन वर्षांआधी नोकरी सोडल्यास दोन लाख भरण्याची अट सर्वोच्च न्यायालयाने वैध ठरवली. निकाल पटो न पटो, त्याची पद्धत लक्षात घेण्याजोगी आहे. छापील करारातली विषमता न्यायालयाने मानली, पद काय, पगार किती, रक्कम झेपणारी आहे का, हे पाहिले. म्हणजे ते घोड्याच्या किमतीपर्यंत गेले. त्याआधी २०२३ मध्ये कौशल किशोर खटल्यात घटनापीठाने बहुमताने अनुच्छेद १९ आणि २१ चे हक्क खाजगी व्यक्तींविरुद्धही लागू होऊ शकतात, असे म्हटले. २००५ च्या भिंतीला त्याने तडा गेला आहे. ती पडेल की डागडुजी होईल, हे पुढच्या खटल्यांवर आहे.

सगळे न्यायालयांवर सोडणेही बरे नाही. कायदा आयोगाने १०३ व्या (१९८४) आणि १९९ व्या (२००६) अहवालात अन्याय्य अटींसाठी स्वतंत्र तरतूद सुचवली. ती करार अधिनियमात आली नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात ‘अनुचित करारा’ची व्याख्या आली, पण तक्रार राज्य वा राष्ट्रीय आयोगाकडे न्यायची, जिल्हा आयोगाकडे नाही. ज्याच्यासाठी तरतूद केली त्याच्यापासून ती एसटीच्या एका दिवसाच्या प्रवासाइतकी दूर ठेवली. शिवाय ती फक्त ग्राहकासाठी. कामगार, भाडेकरू, ऊसतोड मजूर तिच्या बाहेर.

ऊसतोडीचे उदाहरण घेतले की आपण पुन्हा १८७५ च्या गावांजवळ येतो. हंगामाआधी मुकादम उचल देतो. नवराबायको मिळून एक कोयता. फिटली नाही तर बाकी पुढच्या हंगामावर. खत नवे करून मुद्दल वाढवण्याच्या जुन्या रीतीशी हे नाते ओळखीचे आहे. १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने अशा वेळी मोठे हत्यार दिले आहे : कर्ज बिगारीचे नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी धनकोवर. म्हणजे लिहून घेणाऱ्यावर. दख्खन कायद्याचे कलम १२ आणि हे कलम एकाच कुळातले आहेत. दोन्ही कोर्टाला सांगतात, की शेवटच्या पानावरच्या राजीखुशीवर थांबू नका.

हे तत्त्व अपवाद म्हणून जिल्ह्याजिल्ह्यांत आणि वर्गावर्गांत वाटत बसण्याऐवजी नियम म्हणून करार अधिनियमात यावे, एवढेच या लेखाचे म्हणणे आहे. जिथे साचा एकाने छापला आणि दुसऱ्याने फक्त सही केली, तिथे अट न्याय्य असल्याचा भार छापणाऱ्यावर असावा, आणि न्याय्य कशाला म्हणायचे ते घटनेच्या उद्देशिकेवरून ठरावे. तुल्यबळ व्यापाऱ्यांना त्यांचे स्वातंत्र्य खुशाल राहू द्यावे. मदन यांनी ती रेघ १९८६ सालीच आखून दिली आहे. संसदेने ती कलमात उतरवायची बाकी आहे.